एक नंबरची डावी काख

सलग तिसऱ्या सोमवारी एक नंबरच्या जर्सीची डावी काख धड निघाली, आणि नेस्टा प्रोबर्टचा सुई धरलेला हात तसाच थांबला.

तिनं जर्सी उलटी केली, सुलटी केली, तळघराच्या एकुलत्या एक खिडकीपाशी नेऊन उजेडात धरली. छे! एक टाकासुद्धा उसवलेला नव्हता. बावीस वर्षं ती कॉलेजच्या रग्बी संघाचे कपडे धूत होती, आणि बावीस वर्षांत दोन गोष्टी कधी चुकल्या नव्हत्या. एक नंबरची डावी काख फाटायची आणि तीन नंबरची उजवी. पोरं यायची, पदवी घेऊन जायची, पण काखा फाटायच्या त्याच. आजही तीन नंबरची उजवी काख ठरल्याप्रमाणे टरकावलेली होती. डावीलाच काय धाड भरली होती?

गावात तिला लॉन्ड्रीवाली नेस्टा म्हणत. त्या गावात प्रोबर्ट आडनावाची बारा घरं होती, म्हणून माणूस ओळखायचा तो त्याच्या धंद्यावरून. पण धुणं म्हणजे नुसतं धुणं नसतं. कपडा बोलतो, ऐकणारा हवा. पंधरा नंबरची जर्सी बहुतेक वेळा इतकी स्वच्छ यायची की पोरगा खेळला की उभा राहून गाणी म्हणत होता, कुणास ठाऊक. अकरा आणि चौदाला एका कुल्ल्यावर गवताचे हिरवे पट्टे. नऊ नंबर पोटापासून हनुवटीपर्यंत चिखल. चार आणि पाचच्या गळ्याला व्हॅसलीनचा तेलकट वास. दोन नंबरच्या जर्सीचं कापड मानेच्या दोन्ही बाजूंना झिजून जाळीसारखं व्हायचं. हे सगळं तिला पाठ होतं.

हे असं का होतं, ते मात्र तिला माहीत नव्हतं. कारण रग्बी म्हणजे काय, हेच नेस्टाला माहीत नव्हतं.

आता वेल्समध्ये, त्यातून त्या दरीत, साठीच्या बाईनं असं कबूल करायचं म्हणजे चॅपलमध्ये उभं राहून 'मला प्रार्थना येत नाही' म्हणण्यासारखं. माशाच्या पोराला पोहायला कोण शिकवतो? बापाला वाटलं आई सांगेल, आईला वाटलं शाळेत कळेल, आणि नवरा आयव्हर, देव त्याचं भलं करो, त्याला वाटलं हिला माहीतच असणार. सामना चालू असताना बायका मागच्या खोलीत सँडविच कापायच्या. विचारायचं वय निघून गेलं. मग लाज वाटायला लागली. शनिवारी संध्याकाळी दुकानात कुणी म्हणालं, "काय खेळले ना आज!" की नेस्टा म्हणायची, "हो ना, शेवटी शेवटी तर!" हे वाक्य हरलेल्या सामन्याला चालायचं, जिंकलेल्यालाही चालायचं. चाळीस वर्षं बाईनं ह्या एका वाक्यावर वेळ मारून नेली होती.

पण आज तिला राहवेना. काख फाटत नाही म्हणजे काहीतरी बदललंय. काय बदललंय?

"आँटी नेस्टा! चहा आहे, की नुसताच साबणाचा वास?"

एमलिन बेनन जिना उतरून आला. विसरलेले मोजे आणून द्यायचं निमित्त. एमलिन म्हणजे दोन नंबर. बुटका, रुंद, मान कुठे संपते आणि खांदा कुठे सुरू होतो ते न कळणारा. कोळशाच्या खाणीतल्या माणसाचा मुलगा, घराण्यात कॉलेजला आलेला पहिला. दर सोमवारी ह्याचं काहीतरी विसरायचं, आणि दर सोमवारी नेस्टाच्या डब्यात मनुका घातलेले तव्यावरचे केक असायचे. दोघांनाही ते ठाऊक होतं.

"दार लाव," नेस्टा म्हणाली. "आणि बस. मला एक विचारायचंय. हसलास तर केक मिळणार नाही."

"विचारा की."

"रग्बी कशी खेळतात?"

एमलिन हसला नाही, पण त्याचं तोंड उघडंच राहिलं. "म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे! पहिल्यापासून सांग. जशी मी काल आकाशातून पडले."

"आँटी, तुम्ही ह्याच गावच्या ना?"

"ह्याच गावची. चॅपलच्या मागच्या गल्लीत जन्मले. कुणाकडे बोललास तर तुझी चड्डी स्टार्च करून ठेवीन, सांगून ठेवते."

तेव्हा मात्र तो हसला, आणि हसता हसता इस्त्रीच्या टेबलावर बसलाच. एका बाजूला कपडे वाळत घालायचे पंधरा चिमटे मांडले, दुसऱ्या बाजूला पंधरा बटणं. चेंडू म्हणून झिजून लांबट झालेला साबणाचा तुकडा घेतला.

"हा घेऊन समोरच्या रेषेपलीकडे जायचं आणि जमिनीला टेकवायचा. त्याला म्हणायचं ट्राय. चार गुण. मग खांबांच्या मधून लाथेनं उडवला की वर दोन."

"बास? एवढ्यासाठी एवढा आरडाओरडा?"

"थांबा ना. हातानं पुढे द्यायचा नाही. द्यायचा तो मागच्याला."

"जायचं पुढे आणि द्यायचा मागे?"

"हो."

"हे कुणाच्या सुपीक डोक्यातून निघालं?"

"पुढे न्यायचा तर स्वतः घेऊन पळा, नाहीतर लाथ मारा. पळणाऱ्याला समोरचा कमरेला मिठी मारून पाडणार. पडला की त्यानं चेंडू सोडायचा. धरून बसला की शिट्टी."

नेस्टानं टेबलावर वाकून साबण एका चिमट्याकडून मागच्या चिमट्याकडे सरकवला, तिथून आणखी मागे. तिचे डोळे लहान मुलीसारखे चमकायला लागले. "अगंबाई, म्हणजे पळताना सगळे तिरप्या रांगेत मागे मागे राहतात! म्हणून अकरा आणि चौदा कडेला पडतात. एकाच कुल्ल्यावर गवत! आणि नऊ नंबरच्या पोटाला चिखल कशानं रे?"

"तो चेंडू देताना स्वतःलाही फेकतो. चेंडूपाठोपाठ पालथा." एमलिन तिच्याकडे बघत राहिला. "आँटी, तुम्हाला तर सगळं येतंय."

"मला चिखल येतो. खेळ नाही. आता तुझं सांग. दोन नंबर काय करतो?"

इथे एमलिनची छाती फुगली. कुठल्याही माणसाला त्याचं काम विचारा, तो फुगतोच. "हातून चेंडू पुढे सांडला किंवा तसलीच बारीक चूक झाली की स्क्रम होतो. आमचे आठ, त्यांचे आठ, माना खाली घालून एकमेकांत घुसतात. मध्ये चेंडू टाकतात. तो टाचेनं मागे ओढायचा, ते माझं काम. म्हणून हुकर. असं बघा."

कोपऱ्यात मळक्या चादरींची दोन उंच पोती उभी होती. तो त्यांच्या मध्ये शिरला, दोन्ही हात दोन्ही पोत्यांच्या खांद्यांवरून टाकले, गुडघे वाकवले, डोकं खाली केलं.

"हा डावीकडे एक नंबर, आपला विंडम. हा उजवीकडे तीन नंबर. समोरून असेच तिघं येतात, खांद्याला खांदा भिडतो. मागून पाच-पाच जण रेटतात. सोळा जणांचं वजन, आणि मधोमध माझं डोकं. नाकावर माशी बसली तरी हाकलता येत नाही, हात दोन्ही अडकलेले."

"कुठे अडकलेले?"

"ह्यांच्या काखेत. पलीकडच्या काखेत जर्सी मुठीत धरायची, गच्च. जीव गेला तरी सोडायची नाही."

नेस्टा खुर्चीवरून उठली. उजव्या पोत्यावर त्याची मूठ आवळलेली होती, कापडाच्या चुण्या पडल्या होत्या. डाव्या पोत्यावर हात नुसता ठेवलेला होता. बोटं उघडी.

"आणि सुटली तर?" तिनं विचारलं.

"सुटत नाही."

"सुटली तर, विचारतेय मी."

"तर मग मी मध्ये लोंबकळतो. खांदा फिरतो, मान मुडपते, वरून सगळे..." तो सरळ उभा राहिला. "पण सुटत नाही, आँटी. केक द्या आता."

तिनं केक दिला नाही. भिजवलेल्या टेबलक्लॉथचं एक टोक त्याच्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं. "जरा पिळू लाग. माझी मनगटं गेली आता." आणि तिनं पिळलं. तिची मनगटं काही गेली नव्हती, बावीस वर्षांची पिळणारी मनगटं ती. कापडाला दुसरा पीळ पडला आणि एमलिनच्या डाव्या हातातून टोक निसटलं. पाणी फरशीवर सांडलं. दोघंही खाली बघत राहिले.

"किती दिवस झाले?" नेस्टानं विचारलं.

"काय किती दिवस?"

"मला शिकवू नकोस. तीन सोमवार झाले. विंडमच्या काखेत तुझा हात नाही."

एमलिन पोत्यावर बसला. आता तो बुटका, रुंद वगैरे काही दिसत नव्हता, वीस वर्षांचं पोर दिसत होता. "करंगळी आणि शेजारचं बोट बधिर असतं," तो म्हणाला. "मानेतून करंट गेल्यासारखं होतं. झोपताना हात अंगाखाली आला की होतं ना, तसंच. जाईल आपोआप."

"डॉक्टर?"

"डॉक्टर बसवून ठेवेल! शनिवारी फायनल आहे, आँटी. मोठ्या क्लबचे निवडणारे येतायत, खास मला बघायला. बाबांनी खाणीतल्या सगळ्या पाळीला सांगून ठेवलंय. एक सामना. ऐंशी मिनिटं. त्यानंतर मी स्वतः जातो दवाखान्यात, आईशपथ."

"आणि त्या ऐंशी मिनिटांत स्क्रम किती होतात?"

नेस्टाला पलीकडच्या दरीतला एक मुलगा आठवला. त्याला त्याची आई चमच्यानं भरवते, हे सगळ्यांना माहीत होतं. 'खेळताना पडला बिचारा' एवढंच तिनं ऐकलं होतं, आणि मान हलवून पुढे गेली होती. पडणं म्हणजे काय, ते तिला आज टेबलावरच्या चिमट्यांनी दाखवलं.

"तुम्ही कुणाला सांगायचं नाही," एमलिन दारात थांबून म्हणाला. "तुम्ही माझ्या आहात म्हणून मी बोललो."

नेस्टानं हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. केक डब्यातच राहिले.

मंगळवार गेला, बुधवार गेला. इस्त्री करताना तिनं दोन चादरी जाळल्या. मी कोण? ज्या बाईला परवापर्यंत चेंडू कुठल्या दिशेला द्यायचा हे माहीत नव्हतं, ती कुणाच्या आयुष्याचा फैसला करणार? पोरगा पोटाशी येऊन बोलला, त्याचा विश्वासघात करायचा? आणि समजा काहीच झालं नाही, तर जन्मभर शिव्याशाप देईल. देईना का. शिव्या द्यायला तोंड हलतं आहे, एवढं पुष्कळ! गुरुवारी दुपारी तिनं एप्रन काढला, कोट घातला, विंडमची जर्सी घडी करून पिशवीत टाकली आणि टेकडी चढून मैदानावर गेली.

गेथिन मथायस भूगर्भशास्त्र शिकवायचे आणि संघाला खेळवायचे. जुने खेळाडू, एक कान चुरगळलेला. पॅव्हेलियनमध्ये ते, संघाचे अध्यक्ष आणि मैदानाची निगा राखणारा क्लेडविन चहा पीत बसले होते.

"या, मिसेस प्रोबर्ट! शनिवारी जिंकणार ना आपण?"

"मला काय माहीत," नेस्टा म्हणाली. "मला रग्बी कळत नाही."

तिघंही हसले. थट्टाच वाटली त्यांना.

"खरंच कळत नाही. कधीच कळली नाही. सोमवारी पहिल्यांदा शिकले, चिमटे मांडून." बोलताना तिचे कान गरम झाले, पण शब्द थांबले नाहीत. "पण एवढं कळलं, की एमलिनला शनिवारी खेळवायचं नाही. त्याचा डावा हात गेलाय. मानेतून."

अध्यक्षांनी कप खाली ठेवला. "बाई, परवा शिकलात आणि आज संघ निवडायला आलात? मग आम्ही उद्यापासून धुणी धुतो!"

क्लेडविन फिसकन हसला. मथायस हसले नाहीत, पण म्हणाले, "मिसेस प्रोबर्ट, मागच्या तिन्ही सामन्यांत पोरगा उत्तम खेळलाय. तक्रार नाही, काही नाही. तुम्हाला कुणी सांगितलं?"

नेस्टानं पिशवीतून जर्सी काढली आणि त्यांच्यासमोर पसरली. "हिनं सांगितलं. ही विंडमची. ही डावी काख. इथे बावीस वर्षं दर सोमवारी मी रफू केलंय. तीन आठवडे झाले, सुई लावावी लागली नाही. उजवीकडच्या पोराची उजवी काख बघा, दर वेळी फाटते. मग इकडचा हात कुठे आहे? तुम्ही शिकलेली माणसं, तुम्ही सांगा."

मथायसांनी जर्सी ओढून घेतली. ते स्वतः उमेदीत एक नंबर खेळलेले. त्यांनी जुन्या रफूवर दोन बोटं ठेवली, मग तीन, आणि नकळत त्यांचा डावा खांदा वर झाला, जणू कुणी तिथे धरत होतं. अध्यक्ष काहीतरी बोलायला गेले, तर मथायसांनी हात वर केला.

"मी तिन्ही सामने बाहेर उभा राहून बघितले," ते म्हणाले. "क्लेडविन, गाडी काढ."

शुक्रवारी एक्स-रे झाला. मानेतला एक मणका सरकलेला होता. डॉक्टरनं एमलिनच्या गळ्याला पांढरा पट्टा बांधला आणि सांगितलं, शनिवारचं सोडा, आता कधीच नाही. आणखी एक स्क्रम कोसळला असता तर, असं म्हणून त्यानं पुढचं वाक्य पुरं केलं नाही. हे नेस्टाला क्लेडविनकडून कळलं.

एमलिन संध्याकाळी स्वतःच आला. जिना उतरला नाही, वरच्याच पायरीवर उभा राहिला.

"बरं वाटलं?" तो म्हणाला. "मी तुम्हाला शिकवलं, आणि तुम्ही तेच माझ्यावर उलटवलंत. तुम्हाला काय कळतं खेळातलं? चिमटे आणि बटणं!"

नेस्टा खालून त्याच्याकडे बघत राहिली. बोलण्यासारखं पुष्कळ होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते तिनं पुसलंही नाही. "मला एवढंच कळतं, बाळा," ती म्हणाली, "की तू हे सांगायला इथवर चालत आलास. आपल्या पायांनी." पण तोपर्यंत तो गेला होता.

शनिवारी सगळं गाव मैदानावर लोटलं होतं. नेस्टा आयुष्यात पहिल्यांदा सामना बघायला गेली. दुकानदारीण तिला बघून दुसरीकडे सरकली. कुणीतरी मुद्दाम मोठ्यानं म्हणालं, "आलीय बघा, निवड समिती!" नेस्टानं स्कार्फ घट्ट केला आणि बाजूच्या रेषेपाशी जाऊन उभी राहिली. पलीकडे दहा पावलांवर एमलिन उभा होता, एकटाच. पट्ट्यामुळे त्याला मान वळवता येत नव्हती. शेजारी त्याचा बाप होता, पण बापलेक एकमेकांशी बोलत नव्हते.

सामना सुरू झाला आणि ती सगळं विसरली. चिमटे पळायला लागले! खरंच तिरप्या रांगेत, खरंच मागे मागे देत. नऊ नंबर पालथा पडला तेव्हा ती जवळजवळ ओरडलीच. मग पहिला स्क्रम झाला. सोळा पाठी एकमेकींत घुसल्या, आणि असा आवाज झाला, जो चिमट्यांनी केला नव्हता. तिनं डोळे मिटले. उघडले तेव्हा ट्रेफर नावाचं नवं पोर मधून उठत होतं, चिखल झटकत. ट्रेफर काही एमलिन नव्हता. चेंडू पुन्हा पुन्हा पलीकडे जात होता. मध्यंतरापर्यंत कॉलेज दहा गुणांनी मागे होतं. गाव पुटपुटायला लागलं, आणि पुटपुटता पुटपुटता तिच्याकडे बघायला लागलं. निवडणारे दोघं ओव्हरकोटवाले कुणासाठी आले होते, ते सगळ्यांना माहीत होतं. ते मध्यंतरालाच निघून गेले.

शेवटची दहा मिनिटं राहिली होती. समोरच्या संघानं जोरात लाथ मारली, चेंडू रेषेबाहेर आला, दोन वेडेवाकडे टप्पे घेतले आणि नेस्टाच्या बुटांपाशी येऊन थांबला. तिनं तो उचलला. वजनदार, ओला, चिखलानं निसरडा. तिनं आजवर हातात घेतला नव्हता. सगळे तिच्याकडे बघत होते आणि काय करायचं ते तिला माहीत नव्हतं. चाळीस वर्षांचं ते एक वाक्य इथे कामाचं नव्हतं.

"आता हा कुणाचा?" तिनं मोठ्यानं विचारलं. आख्ख्या गावाला ऐकू जाईल असं. "त्यांनी बाहेर घालवला. मग टाकायचा कुणी?"

एक-दोघं हसले.

"ज्यांनी बाहेर घालवला, त्यांचा नाही," एमलिन म्हणाला. तो समोर मैदानाकडेच बघत होता. "आपला. आपण आत टाकायचा. दोन्ही संघ रांगेत उभे राहतात, मध्ये फेकायचा."

"फेकायचा कुणी?"

त्याचा हात गळ्याच्या पट्ट्याकडे गेला. "दोन नंबरनं."

मग तो दहा पावलं चालत आला. चेंडू घेण्यासाठी त्यानं दोन्ही हात पुढे केले, आणि चेंडू डाव्या हातावरून घसरायला लागला, तेव्हा नेस्टानं खालून तळवा लावला. त्यानं तिचा तळवा बाजूला केला नाही. उजव्या काखेत चेंडू धरून त्यानं गळ्याच्या पट्ट्यावरचा लोकरी मफलर ओढून काढला आणि चेंडू पुसला. टोकं पुसली, शिवणी पुसल्या, पुन्हा एकदा टोकं पुसली. ट्रेफर रेषेशी धापा टाकत उभा होता.

"वाऱ्याकडे बघ," एमलिन त्याला म्हणाला, "आणि उंच टाक." त्यानं चेंडू ट्रेफरच्या हातात दिला आणि नेस्टाच्या शेजारी उभा राहून, पुढे काय होतं ते तिला सांगायला लागला.